मेरी जॅक्सन यांचे दोन तुकडे करू नका

वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला मेरी जॅक्सन यांचे नाव आहे. जून २०२० मध्ये ते जाहीर झाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये नामकरणाचा समारंभ झाला. नासातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर. पुढे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सत्तेवर येताच ‘विविधता, समता आणि समावेशन’ या नावाने सरकारी खात्यांत चालणारी कार्यालये बंद करण्याचे आदेश काढले आणि नासानेही ते अमलात आणले. तेव्हापासून गुणवत्ता विरुद्ध विविधता असा जो वाद पेटला आहे, त्यात मेरी जॅक्सन यांना दोन्ही बाजू साक्षीला बोलावतात. एक बाजू म्हणते, ही बाई १९५८ साली इंजिनिअर झाली तेव्हा असले एकही कार्यालय नव्हते. बुद्धी आणि कष्ट असले की पुरते, हेच तिने सिद्ध केले. दुसरी बाजू म्हणते, विविधतेचे याहून मोठे प्रतीक नाही, म्हणून कार्यालये टिकलीच पाहिजेत. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांतही हे दोन्ही सूर ऐकू येतात आणि बहुधा पहिला सूर वरचढ असतो.

दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा तुकडा कापून घेतात. गुणवत्तावाल्यांना त्यांची पदवी आणि पद हवे असते. त्या पदापर्यंत पोहोचायला कोणाकोणाची परवानगी लागली, हा भाग नको असतो. प्रतीकवाल्यांना त्यांचा रंग आणि छायाचित्र हवे असते. मेरी जॅक्सन विंड टनेलमध्ये, म्हणजे वेगवान वारा सोडून विमानांच्या आकारांची चाचणी घेणाऱ्या बोगद्यात, नेमके काय मोजत होत्या, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येते. शिवाय त्यांचे घर, त्यांचे चर्च, त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ चालवलेले गर्ल स्काउट्सचे काम, या साऱ्यांवर दोन्ही बाजू ‘कुटुंबवत्सल आणि धार्मिक वृत्तीच्या होत्या’ एवढे एक वाक्य खर्च करून पुढे जातात. माझे म्हणणे असे की या वादाचे उत्तर नेमके त्या एका वाक्यात उरकलेल्या भागात आहे. पात्रता आणि संधी या एकमेकींच्या शत्रू नाहीत. पात्रता कोणी कमी केली नव्हती. पात्र माणसाला आत येऊ दिले जात नव्हते आणि ते आत येण्यासाठी कोणाला तरी रोजचे, चिवट, बिनपगारी काम करावे लागत होते. हे काम कसे करायचे याचे शिक्षण मेरी जॅक्सन यांना विद्यापीठात मिळाले नाही. ते घरात आणि चर्चमध्ये मिळाले.

आधी विरुद्ध बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा मान्य करतो. हवेला माणसाचा रंग कळत नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या शंकूभोवती हवेचा पातळ थर कुठपर्यंत शांत वाहतो आणि कुठे खवळतो, हे शंकूच्या टोकाचा कोन आणि वेग ठरवतो. मोजणारा कोण, याने त्यात फरक पडत नाही. मेरी जॅक्सन यांचा पहिला अहवाल, १९५८ सालचा, नेमका याच प्रश्नावर होता. हा थर खवळला की घर्षण वाढते, पृष्ठभाग कितीतरी जास्त तापतो. म्हणून तो बिंदू चुकवून चालत नाही. विमान आणि अंतराळयान यांच्या कामात निकष सैल झाला तर माणसे मरतात. त्यामुळे ‘निकषांना हात लावू नका’ असे कोणी बजावले तर त्याला मागासलेला ठरवून मोकळे होणे हा उथळपणा आहे. दुसरेही मान्य केले पाहिजे. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांत आणि विद्यापीठांत विविधतेचे काम म्हणजे सक्तीची प्रशिक्षणे, शपथपत्रे आणि सजवलेले अहवाल एवढेच उरले होते. त्या कागदांनी किती जणांचे काय भले झाले, हा प्रश्न विचारणारा माणूस आपोआप वंशद्वेष्टा ठरत नाही. आणि ज्याच्या मदतीसाठी योजना असते त्याच्याकडेच सहकारी संशयाने पाहू लागतात, हा सल खरा आहे. कर्तृत्ववान माणसाला तो सर्वांत जास्त बोचतो.

आता पाहू, ‘१९५८ साली कुठे होते कार्यालय?’ या प्रश्नाचे काय होते. मेरी जॅक्सन जिथे काम करत ती, पुढे नासाचा भाग झालेली, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनजवळची लँग्ली प्रयोगशाळा १९१७ साली स्थापन झाली. तिथे १९३५ पासून आकडेमोडीसाठी गणित शिकलेल्या गोऱ्या स्त्रिया नेमल्या जात. हॅम्प्टनमध्येच, प्रयोगशाळेपासून काही मैलांवर, कृष्णवर्णीयांसाठीची हॅम्प्टन इन्स्टिट्यूट १८६८ पासून उभी होती आणि गणित-विज्ञान शिकवत होती. तरीही १९४३ पर्यंत लँग्लीत एकही कृष्णवर्णीय स्त्री गणिती नव्हती. त्या साली पहिल्या काही जणी आल्या. १९४२ पर्यंत कोणाच्याच अंगात गुण नव्हते आणि १९४३ साली ते अचानक उपजले, असे मानायचे का? मधल्या काळात घडले ते असे: रेल्वेतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी हजारो लोकांचा मोर्चा वॉशिंग्टनवर आणण्याचा इशारा दिला, आणि तो टाळण्यासाठी जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत आणि सरकारी कामात वंशभेद करू नये असा आदेश काढला. शिवाय युद्धामुळे माणसे कमी पडत होती. आदेश आणि गरज एकत्र आली तेव्हा दार किलकिले झाले. म्हणजे १९५८ साली कार्यालय नसेल, पण १९४१ सालचा आदेश होता. तो कोणी भीक म्हणून दिलेला नव्हता, संघटित लोकांनी वसूल केला होता.

मेरी विन्स्टन, लग्नानंतरच्या मेरी जॅक्सन, जन्मल्या १९२१ साली हॅम्प्टनमध्येच. या गावाबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६१९ साली इंग्रजांच्या व्हर्जिनियात आफ्रिकेतून धरून आणलेली पहिली माणसे उतरवली गेली ती इथल्याच पॉइंट कम्फर्टला. पुढे त्याच जागी फोर्ट मन्रो हा किल्ला झाला. १८६१ च्या मे महिन्यात, अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू होताच, तीन गुलाम नावेतून त्या किल्ल्यावर आश्रयाला आले आणि तिथल्या उत्तरेच्या सैन्याच्या जनरल बटलरने त्यांना मालकाकडे परत पाठवायला नकार दिला. मग हजारोंनी तीच वाट धरली. त्याच वर्षी मेरी पीक नावाच्या बाईने गावातल्या ओकच्या झाडाखाली या माणसांच्या मुलांना अक्षरे शिकवायला सुरुवात केली. त्या झाडाच्या परिसरातच पुढे हॅम्प्टन इन्स्टिट्यूट उभी राहिली. मेरी जॅक्सन यांनी तिथूनच १९४२ साली गणित आणि भौतिक विज्ञान अशा दोन विषयांत पदवी घेतली. आणि त्यानंतर? एक वर्ष मेरीलँडमध्ये शिक्षिका, मग सैनिकांच्या विरंगुळा केंद्रात स्वागतिका, मग हिशेबनीस, मग मुलाच्या जन्मानंतर काही काळ घरी, मग फोर्ट मन्रोमध्ये कारकून. दोन विषयांची पदवी हातात असलेली स्त्री नऊ वर्षे अशी फिरत राहिली. १९५१ साली त्या लँग्लीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आकडेमोडीच्या विभागात, डोरोथी व्हॉन यांच्या हाताखाली लागल्या. ही नऊ वर्षे गुणवत्तेच्या कोणत्या खात्यात मांडायची?

लँग्लीतही कथा सरळ वर चढत गेली नाही. एका कामासाठी त्यांना प्रयोगशाळेच्या दुसऱ्या भागात पाठवले गेले. तिथल्या गोऱ्या सहकारी स्त्रियांना त्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे असे विचारले, तेव्हा त्या हसल्या. ‘तुमचे’ कुठे आहे हे आम्हाला कसे ठाऊक, असा त्याचा अर्थ होता. मेरी संतापल्या. वाटेत काझिमिएर्झ झार्नेकी नावाचे गोरे इंजिनिअर भेटले, त्यांच्यापाशी त्यांनी तो संताप बोलून दाखवला, आणि झार्नेकींनी उत्तरादाखल त्यांना आपल्याकडे कामाला बोलावले. झार्नेकींच्या हाती ६०,००० अश्वशक्तीची, चार फूट बाय चार फुटांची, ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगाचे वारे निर्माण करणारी विंड टनेल होती. तिथे मेरी फक्त आकडे करत बसल्या नाहीत, प्रयोग करायला शिकल्या. एकदा विभागप्रमुख जॉन बेकर यांनी त्यांच्या गणिताचे उत्तर चुकले असे सांगितले. मेरी ठाम राहिल्या. तपासल्यावर कळले की गणित बरोबर होते, बेकर यांनी दिलेले मूळ आकडेच चुकीचे होते. बेकर यांनी माफी मागितली. निकष म्हणजे काय, हे मला या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसते. निकष पाळायचा तर कनिष्ठ जागेवर बसलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे लागते. १९८६ साली चॅलेंजर यान फुटून सात जण गेले, त्याच्या आदल्या रात्री थंडीत रबरी कडी दगा देतील असे इंजिनिअर सांगत होते. वरच्यांनी ऐकले नाही. अपात्र माणसे नेमल्याने ते यान पडले नव्हते, पात्र माणसांना गप्प केल्याने पडले. ज्यांना निकषांची चिंता आहे त्यांनी, कोणाचा आवाज खोलीत पोहोचतो आणि कोणाचा पोहोचत नाही, याचीही तेवढीच चिंता केली पाहिजे.

झार्नेकींनी त्यांना इंजिनिअर होण्याचा मार्ग सुचवला. त्यासाठी व्हर्जिनिया विद्यापीठाचे उच्च गणित आणि भौतिकशास्त्राचे वर्ग नोकरी सांभाळून पूर्ण करायचे होते. ते वर्ग भरत हॅम्प्टन हायस्कूलमध्ये, आणि ती शाळा फक्त गोऱ्यांची. मेरींना तिथे पाय ठेवण्यासाठी हॅम्प्टन शहराकडे खास परवानगी मागावी लागली. ती मिळाली. आत गेल्यावर दिसली ती एक जुनाट, कोंदट इमारत. जिच्यासाठी एवढी मनाई, ती शाळा अशी! वर्गातले गणित मात्र सगळ्यांना सारखेच होते, परीक्षाही सारखीच. या परवानगीने कुठला निकष खाली आला? कुठलाच नाही. विरुद्ध बाजूच्या युक्तिवादातली मूळ गफलत इथे उघडी पडते: परीक्षेला बसू देणे आणि परीक्षेत सूट देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या योजना दुसरी गोष्ट करतात त्यांच्यावर टीका जरूर करावी. पण त्या टीकेच्या आडून पहिलीच गोष्ट बंद होत असेल, तर गुणवत्तेच्या नावाने गुणवत्ताच अडवली जाते.

मराठी वाचकाला यासाठी व्हर्जिनियापर्यंत जाण्याची गरज नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हटून बसून तो मिळवला, तोही अटींवर: पहिले वर्ष परीविक्षेचे, आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. रामन नोबेल मिळवलेले, अव्वल शास्त्रज्ञ. गुणवत्ता ओळखणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही ती दारात उभी असताना दिसली नाही. मग सामान्य व्यवस्थापकांच्या नजरेवर सगळे सोपवून निश्चिंत कसे राहायचे?

आणि अमेरिकेतल्या आपल्या लोकांबद्दल. ‘आम्ही तर निव्वळ मेरिटवर आलो’ हे वाक्य मी आदराने ऐकतो, कारण त्यामागे खरे कष्ट असतात. पण पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासून आणि मुंबईची व्हीजेटीआय १८८७ पासून इंजिनिअर घडवत होती. ते इंजिनिअर १९२४ नंतर अमेरिकेत स्थायिक होऊ शकत नव्हते, कारण कायद्याने आशियाई लोकांना बंदी होती. १९४६ नंतर साऱ्या भारताला मिळून वर्षाला शंभर जागा मिळाल्या. ऑक्टोबर १९६५ मध्ये नवा स्थलांतर कायदा झाला आणि मग ओघ सुरू झाला. हा कायदा कोणत्या हवेत झाला? जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला होता, ऑगस्ट १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काचा. माणसाला जन्मस्थान आणि वंशावरून तोलायचे नाही हा विचार कायद्यात आला तो रस्त्यावर मार खाल्लेल्या कृष्णवर्णीय माणसांमुळे. १९६४ चा पुण्यातला इंजिनिअर आणि १९६६ चा इंजिनिअर यांच्या गुणवत्तेत फरक नव्हता. फरक कायद्यात होता. हे ऋण मान्य केल्याने आपले कष्ट कमी होत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो. स्त्री इंजिनिअरबद्दल लिहिताना घर आणि चर्च आणू नका, त्याने तिचे काम झाकोळते, असे ते म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. उपग्रहांना कक्षेत सांभाळणाऱ्या इंजिनाचा शोध लावणाऱ्या इव्हॉन ब्रिल २०१३ साली वारल्या, तेव्हा अमेरिकेतल्या एका आघाडीच्या वृत्तपत्राने मृत्युलेखाची सुरुवात त्या उत्तम बीफ स्ट्रोगानॉफ करत अशी केली. टीका झाल्यावर ते वाक्य काढले गेले, आणि ते काढले गेले हे योग्यच झाले. पुरुष इंजिनिअरच्या मृत्युलेखात स्वयंपाकघर आधी येत नाही. तरीही मेरी जॅक्सन यांच्या बाबतीत हा नियम लावला तर त्यांच्या कामाचा अर्धा भाग नाहीसा होतो, कारण त्यांचे चर्च ही फुरसतीची, खासगी गोष्ट नव्हती.

त्या बेथेल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या होत्या. हा पंथ जन्मला तोच एका बंद दारातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना ‘ही जागा तुमची नाही’ म्हणून ओढून उठवण्यात आले. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, १७९४ साली त्यांनी स्वतःचे बेथेल चर्च उभारले आणि १८१६ साली स्वतंत्र पंथ स्थापन केला. जिथे गुलामांना वाचायला शिकवणे हा गुन्हा होता, बँक कर्ज देत नव्हती, नगरपालिका मत मोजत नव्हती, तिथे चर्च हीच शाळा होती, पतपेढी होती आणि सभागृहही. ओहायोतले विल्बरफोर्स विद्यापीठ १८६३ साली याच पंथाने विकत घेऊन चालवले. रोझा पार्क्स याच पंथाच्या. १९५५ साली माँटगोमेरीत बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि बसवर बहिष्कार पडला, तो ३८१ दिवस टिकला तो चर्चमधून जमलेल्या पैशांवर आणि चर्चने आखलेल्या मोटारींच्या फेऱ्यांवर. रोज हजारो माणसांना कामावर नेऊन परत आणण्याची ती व्यवस्था लावणारे लोक अशा कामात तरबेज होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते दुसरे काय करत आले होते?

मेरी जॅक्सन या शाळेत तयार झाल्या. मुलगी गणितात हुशार असेल तर गल्लीतल्या दुसऱ्या मुलांना शिकवणे हे तिचे काम असते, असे मानणारे ते जग होते. स्काउट्सच्या मुलींकडून एकदा त्या कापूस वेचणीचे जुने लोकगीत म्हणून घेत होत्या. गाता गाता त्यांच्या लक्षात आले की गुलामीच्या शेतातले हे चित्र या मुली हसतखेळत घोकत आहेत. त्यांनी गाणे तिथेच थांबवले आणि पुन्हा म्हणायचे नाही असे सांगितले. १९६० साली त्यांचा मुलगा घरी बनवलेल्या, बिनइंजिनाच्या गाडीच्या उतारावरच्या शर्यतीत उतरला. हवा गाडीला कुठे अडवते आणि ती कशी चुकवायची, हे आईइतके नेमके सांगणारे गावात कोण होते? तो जिंकला, त्या भागात ती शर्यत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मुलगा ठरला. मुलींना त्या शर्यतीत १९७१ पर्यंत प्रवेशच नव्हता, हेही लक्षात असू द्या. १९७० च्या दशकात हॅम्प्टनच्या एका सामाजिक केंद्रातल्या विज्ञान मंडळाच्या मुलांना त्यांनी स्वतःची छोटी विंड टनेल बांधायला मदत केली. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ किती आहेत हेच या मुलांना माहीत नसते, आणि अशा करिअरची वाट कळते तेव्हा उशीर झालेला असतो. प्रयोगशाळेत ज्या ज्ञानाचा अहवाल होत होता तेच ज्ञान संध्याकाळी पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या रूपात शेजारच्या पोरांपर्यंत जात होते. याला ‘घरगुती बाजू’ म्हणणे मला पटत नाही. समान संधीचे कार्यालय जे करते, किंवा करायला हवे, ते त्या बिनपगारी करत होत्या.

काही जण म्हणतील, बरोबर आहे, मग समाजालाच करू द्या. सरकारी कार्यालय कशाला? हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर १९५८ सालाच्या आसपासच सापडते. ज्या वर्षी मेरी इंजिनिअर झाल्या त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, हॅम्प्टनसमोरच्या खाडीपलीकडे नॉरफोकमध्ये व्हर्जिनियाच्या सरकारने सहा सरकारी शाळांना कुलूप लावले, कारण न्यायालयाने तिथे १७ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यायला सांगितले होते. सुमारे १०,००० मुले, बहुतेक गोरी, रस्त्यावर आली. सरकार पूर्ण ताकदीने दार बंद करत असेल तर चर्च किंवा एखादे विज्ञान मंडळ त्याला किती पुरे पडणार? ते कुलूप निघाले तेही न्यायालयांच्या निकालांनी. शिवाय एकदा एकीने उंबरा ओलांडला की वाट कायमची मोकळी होते, हाही भ्रम. १९६७ साली क्रिस्टीन डार्डन गणिताची पदव्युत्तर पदवी घेऊन लँग्लीत आल्या, तर त्यांनाही आकडेमोडीच्या गटातच बसवले गेले. तशाच पदवीचे पुरुष थेट इंजिनिअरिंगमध्ये जात होते. पाच वर्षांनी त्यांनी वरिष्ठांना कारण विचारले. हे आजवर कोणी विचारलेच नव्हते, असे उत्तर आले, आणि लवकरच त्यांची इंजिनिअरिंगमध्ये बदली झाली. पुढे ध्वनिवेग ओलांडताना होणारा स्फोटासारखा आवाज कमी कसा करायचा, या विषयातल्या त्या आघाडीच्या तज्ज्ञ ठरल्या. मेरी जॅक्सन यांच्या इंजिनिअर म्हणून नेमणुकीनंतर चौदा वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत हा प्रश्न नव्याने विचारावा लागला. हा प्रश्न दर वर्षी, प्रत्येक विभागात विचारणे हे कोणाचे तरी नेमलेले काम असेल तर चौदा वर्षे जात नाहीत.

१९७९ साली मेरी जॅक्सन यांनी तेच काम पत्करले. सुमारे दोन दशके इंजिनिअर म्हणून काम, डझनभर अहवाल, आणि व्यवस्थापनाच्या पायरीवर अडलेली बढती. केवळ आपलीच नव्हे, केंद्रातल्या साऱ्या स्त्रियांची हीच गत आहे असे पाहून त्यांनी खालची श्रेणी स्वीकारली आणि समान संधीच्या कार्यालयात स्त्रियांच्या कार्यक्रमाच्या व्यवस्थापक झाल्या. कोणाची पदवी काय, पद काय, कोणता अभ्यासक्रम पूर्ण केला तर गणितीची इंजिनिअर म्हणून नोंद होईल, बढतीची अट कोणती, हे त्या एकेकीला समजावून सांगत. १९८५ साली निवृत्त होईपर्यंत तेच केले. २०२५ साली बंद झालेली कार्यालये हुबेहूब ती नव्हेत, मधल्या चाळीस वर्षांत त्यांवर बरेच कागदी ओझे चढले हे मी आधीच मान्य केले आहे. ते ओझे उतरवायला माझा विरोध नाही. पण इमारतीवर जिचे नाव ठेवायचे, तिने खालची श्रेणी पत्करून जे काम निवडले तेच निरर्थक ठरवायचे, हे मला मान्य नाही.

आणि माझ्या बाजूने त्या निर्णयाला नुसता ‘त्याग’ म्हणून हार घालणेही थांबवावे. त्यात तोटा होता. विंड टनेलमधले एक जाणते डोके १९७९ नंतर अहवाल लिहीनासे झाले. जिला बढती अडवली तिनेच इतरांची बढती सोडवायची, ही व्यवस्था न्याय्य नाही. १९५०च्या दशकात ते काम कोणी केले होते ते आठवा. झार्नेकींनी. ते वंचित नव्हते, कार्यकर्तेही नव्हते. ते वरिष्ठ इंजिनिअर होते, त्यांनी समोरच्या बाईचा संताप ऐकला, तिला टनेल दिली आणि कोणता वर्ग करायचा ते सांगितले. ही जबाबदारी आत बसलेल्याची आहे. आज अमेरिकेतल्या किती तरी विमान, चिप आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत त्या जागेवर आपली मराठी माणसे आहेत. गुणवत्तेवर विश्वास असेल तर त्यांनी एवढे तपासावे: आपल्या गटात इंजिनिअरचे काम करणारी, पण टेक्निशियनच्या पदावर आणि पगारावर अडकलेली माणसे कोण आहेत, किती वर्षांपासून, आणि तसे का हे आजवर कोणी विचारले आहे का.